आमचं नाव कुठल्या वहीत?



मी मोरीवरचा माणूस. कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलात सात वर्षं कपबश्या विसळल्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर – या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आपल्याच पोरांचे हात खरकट्या पाण्यात कुजतात.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी. शेठ म्हनला, "घरी बसा. फोन करतो." पगाराचं विचारलं तर म्हनला, "तुझी हजेरी कुठंय? दाखव." सात वर्षांची हजेरी बोटांच्या भेगांत होती. वहीत नव्हती.

२९ मार्चला केंद्राने हुकूम काढला – बंदच्या काळातला पगार मालकाने पुरता द्यावा. मे महिन्यात हुकूम मागे घेतला. हॉटेलात बसून खायची परवानगी आली ५ ऑक्टोबरला. मधे सहा महिने. लोकल आमच्यासाठी बंद, म्हणजे मुंबई-ठाण्याला दुसरं काम शोधायची वाटही बंद. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागंना. डॉक्टर म्हनला, बीपी वाढलाय, टेन्शन घेऊ नका. टेन्शन काय मी मागून घेतलं होतं?

एप्रिल २०२१. पुन्हा नुसतं पार्सल. राज्य सरकारने दीड-दीड हजार जाहीर केले. नोंदणीवाल्या बांधकाम कामगाराला, घरकामगाराला, परवानावाल्या रिक्षावाल्याला, फेरीवाल्याला. त्यांना मिळाले तर चांगलंच, ते आपलेच. पण हॉटेलातल्या पोऱ्याचं नाव यादीत नव्हतं. जो वहीत नाही तो यादीत नाही.

हे चुकून झालं असं समजू नका. कायद्यातच भोक ठेवलंय. २०१७ च्या राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्याने दहाच्या आत माणसं असलेली हॉटेलं मोकळी सोडली. मालकाने नुसतं कळवलं की झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही रेषा दहावरून वीसवर न्यायचं ठरवलं. एवढ्या उपासमारीतून सरकार हे शिकलं!

आणि जात? गल्ल्यावर कोण, भट्टीवर कोण, मोरीवर कोण – एकदा मोजा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धाग्याला तोंड लावावं लागे. १९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना दोन शत्रू दाखवले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिला पाठ केला. दुसरा विसरलो.

विसरलो म्हणजे कसं, सांगतो. चौदा एप्रिल जवळ आला की आपली पोरं पावतीपुस्तक घेऊन त्याच शेठच्या गल्ल्यापर्यंत जातात. शेठ पाचशे देतो, वर चहा पाजतो. ती कपबशी आत कोण विसळतो हे कुणी विचारत नाही. तुमच्या पावतीपुस्तकात शेठचं नाव आहे. माझं नाही.

राग आला? येऊ द्या. पण यंदा पावती नेऊ नका, कोरी वही न्या. गल्ल्याला वळसा घालून मोरीवर या. नाव, काम, किती वर्षं, पगार किती, उचल किती – सगळं लिहून घ्या. तिन्ही गावांतल्या हॉटेलांची वही भरली की ती घेऊन कामगार खात्याच्या कचेरीत बसा. हजेरीपुस्तक, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र मागा. शेठ वर्गणी बंद करंल. करू द्या.

पुढचं संकट सांगून येणार नाही. तेव्हा शेठ म्हनला "हजेरी दाखव", तर दाखवायला हातात वही पाहिजे.

जयभीम!