गाडीची चावी तुमच्याकडेच राहू द्या

आखाडा बाळापूर आणि आसपासच्या गावांतल्या आईबापांनो, दहावी-बारावीतल्या लेकराच्या हाती मोटारसायकलची चावी देऊ नका. बस वेळेवर येत नाही, क्लास लांब असतो, शेतीच्या कामातून पोराला सोडायला जायची सवड मिळत नाही, हे सगळं खरं आहे. तरीही देऊ नका. हिंगोली-नांदेड रस्त्यावर मालाच्या गाड्या रात्रंदिवस धावतात आणि कारखान्यांचा हंगाम लागला की उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते.

तुम्ही म्हणाल, आमचा पोरगा समजदार आहे, हळू चालवतो. तुमच्यासमोर तो हळूच चालवत असेल. मागं मित्र बसल्यावर काय होतं? मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी अभ्यासकांनी 2005 साली हेच तपासलं. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. एकट्यानं खेळताना किशोरवयीन मुलं मोठ्यांसारखीच सांभाळून खेळली. मित्र शेजारी आले, तेव्हा त्यांनी जवळपास दुप्पट धोका पत्करला. चोविशी ओलांडलेल्यांत तसा फरक पडला नाही.

म्हणजे "हळू चालवीन" म्हणताना तो खोटं बोलत नसतो. "थांब, विचार कर" असं सांगणारा कपाळामागचा मेंदूचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. मजेची, धाडसाची, मित्रांच्या वाहवेची ओढ मात्र वयात येतानाच जोर धरते. मुलींचंही तसंच. हा मेंदू बिघडलेला नाही. याच ओढीनं पोरं नवं शिकतात, मैदान गाजवतात. फक्त आवर घालण्याचं काम काही वर्षं आपल्याला करावं लागतं, आणि ते आधीच ठरवून. चौकात, मित्रांदेखत कानाखाली मारलीत तर त्याला अपमान तेवढा लक्षात राहील. रात्री जेवणं झाल्यावर, दोघंच असताना बोला. चिडून उठून गेला तर जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला.

कायदाही ध्यानात ठेवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंते मोटारीच्या धडकेत गेले. मोटार 17 वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप झाला आणि वडिलांनाही अटक झाली.

आता क्लासवाल्यांना विनंती. वयात येताना झोपेची वेळच तास-दोन तास पुढं सरकते. झोप तर 8 ते 10 तासांची लागते. पहाटेच्या बॅचला ती कुठून मिळणार? झोप अपुरी राहिली की उरलासुरला आवरही सुटतो. 2024 मध्ये सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 नंतर भरवायला सांगितलं. माझ्या मते ही सवलत आठवी-दहावीच्या मुलांना आधी हवी होती. पहाटेची बॅच पुढं ढकलणं तर तुमच्याच हातात आहे.

आणि पोर अबोल झालं, जेवण तुटलं, "जगून काय करू" असं म्हणालं, तर ते वयाचं खूळ समजून सोडू नका. त्याला एकटं ठेवू नका, सरकारी दवाखान्यात न्या. 14416 या टेली-मानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.