पट अकराचा, पण ते अकरा कोण?

तुमच्या पहिलीच्या वर्गात किती जण होते, आठवतंय? आमच्यात साठ. बाईंना अर्ध्या वर्गाची नावंही पाठ नव्हती. त्यामुळे मामाच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट अकरा आहे हे कळलं, तेव्हा मीही म्हटलं होतं, ‘एवढ्याशा पोरांसाठी शाळा कशाला?’

मग गेल्या पावसाळ्यात तिथे गेले. चौथीपर्यंतची शाळा. अकरापैकी आठ मुली. ‘मुलगे कुठायत?’ मामीला विचारलं. ‘ते जातात इंग्लिश मीडियमला, व्हॅन येते ना दारात! पोरींची फी कोण भरतंय?’ उरलेल्या तीन मुलांपैकी दोघं शेतमजुरांची. तिसऱ्याला नीट चालता येत नाही, म्हणून घराजवळचीच शाळा हवी.

म्हणजे वाडीत मुलं होती. ज्यांना जाता आलं, ती गेली. ज्यांना दुसरा पर्यायच नाही, ती शाळेत उरली.

आता निर्णय कसे होतात बघा. २०१७ मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. दोन्ही वेळा कसोटी एकच, आकडा. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यताही ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्यानंतर काही आठवड्यांत ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि बीडसारख्या जिल्ह्यांतली कितीतरी मुलं आईबापांसोबत फडावर जातात. पटावर ती असतात, वर्गात नसतात.

समूह शाळेची बाजूही खोटी नाही. चार मित्र, खेळायला टीम, प्रत्येक इयत्तेला वेगळा वर्ग हे मुलांना मिळायलाच हवं. पण सहा वर्षांच्या मुलीला पाच किलोमीटरवर कोण सोडणार? बस येईलही. पण ओढ्याला पूर आला त्या दिवशी? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितली, ती उगाच नाही.

बरं, माहिती नाही असंही नाही. ‘यूडायस प्लस’मध्ये प्रत्येक शाळा मुलगा की मुलगी, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांगत्व हे सगळं भरते. मग शाळा बंद करताना फक्त बेरीजच का बघायची? आधी हे रकाने वाचा, त्या मुलांच्या येण्याजाण्याची सोय करा आणि मगच कुलपाचं बघा.

तुमच्यापैकी अनेकांचं गाव असेल. पुढच्या सुट्टीत गेलात की शाळेचा पट किती, एवढंच विचारू नका. पटावर कोण कोण आहे, हे विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात, ते सांगतील. शाळेला कुलूप लागल्यावर घरी बसणार कोण, ते तिथेच कळेल.