पीडितांची संस्था कोणाची?

पीडितांना आधार देणाऱ्या एखाद्या संस्थेत नियामक मंडळ आणि स्वयंसेवक यांच्यात भांडण जुंपले, की बाहेरच्या माणसाची पहिली प्रतिक्रिया कंटाळ्याची असते. शाळा, ग्रंथालय, पतपेढी, साहित्यसंस्था, सर्वत्र हेच चालते, येथेही तेच, असे म्हणून तो वर्तमानपत्राचे पान उलटतो. परंतु ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत फूट पडली तर फार तर वर्षभर नवी पुस्तके येत नाहीत. आयुष्यात प्रथमच धीर एकवटून आपल्यावरील अत्याचाराविषयी बोलावयास निघालेल्या माणसाला पलीकडून उत्तर मिळाले नाही, तर तो पुन्हा बोलेलच, याची शाश्वती कोणी द्यावी?

अमेरिकेतील ‘सर्व्हायव्हर्स नेटवर्क ऑफ दोज अब्यूज्ड बाय प्रीस्ट्स’, संक्षेपाने ‘स्नॅप’, या संघटनेचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बार्बरा ब्लेन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथे ती सुरू केली. त्या स्वतः बालपणी एका धर्मगुरूच्या अत्याचाराला बळी पडल्या होत्या. (‘सर्व्हायव्हर’ म्हणजे त्यातून तगून निघालेला. मराठीत आपण अद्याप ‘पीडित’ म्हणतो आणि त्या शब्दावर दुसऱ्याच्या दयेची छाया आहे. नाइलाजाने येथेही तोच वापरीत आहे.) जानेवारी २००२ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाने कॅथलिक धर्मपीठातील झाकलेली प्रकरणे उघड केली, त्याच वर्षी जूनमध्ये डॅलस येथे अमेरिकेतील बिशपांना बालसंरक्षणाची सनद स्वीकारावी लागली, आणि त्या वेळी पीडितांच्या बाजूने बोलणारी ही संघटना जगाला ठाऊक झाली. परंतु तिचे खरे बळ तिच्या प्रवक्त्यांत नव्हते. ते निरनिराळ्या शहरांतील छोट्या गटांत होते. गटाचा प्रमुख हा बहुधा स्वतः पीडित, बिनपगारी आणि दिवसा दुसरीकडे नोकरी करणारा असतो. नव्याने येणारा माणूस त्याला ओळखतो. नियामक मंडळावर कोण आहे, हे त्याच्या गावीही नसते.

पेच येथूनच सुरू होतो. कायद्याने संस्था नियामक मंडळाची असते. धनादेशावर सही मंडळाची, कराचे विवरणपत्र मंडळाचे, आणि न्यायालयाचे समन्स आले तर उत्तर देण्याची जबाबदारीही मंडळाची. विश्वास मात्र गटप्रमुखाच्या खात्यावर जमा असतो. जबाबदारी एकीकडे आणि विश्वास दुसरीकडे अशी ही वाटणी सुरळीत दिवसांत कोणाला टोचत नाही. ती टोचते वादाच्या वेळी.

मंडळाची बाजू क्षुल्लक नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१२ मध्ये मिसूरी राज्यातील एका खटल्यात ‘स्नॅप’चे तेव्हाचे संचालक डेव्हिड क्लोहेसी यांना शपथेवर जबानी द्यावी लागली. संघटना त्या खटल्यात पक्षकार नव्हती, तरीही प्रतिपक्षाच्या वकिलांनी अनेक वर्षांचा पत्रव्यवहार मागितला. क्लोहेसी यांनी कित्येक प्रश्नांना उत्तरे देण्याचे आणि कागदपत्रे हवाली करण्याचे नाकारले. कोणीतरी विश्वासाने लिहिलेली पत्रे अशा रीतीने न्यायालयाच्या मेजापर्यंत ओढली जाऊ शकतात, तर ती कोणी ठेवायची, किती वर्षे ठेवायची, कोणाला दाखवायची, याचे नियम प्रत्येक गटप्रमुखाच्या सद्भावनेवर सोडून चालणार नाहीत. शिवाय गटप्रमुख हाही माणूसच. दुखावलेली, एकाकी माणसे त्याच्यापुढे मन मोकळे करतात, तेव्हा त्याच्या हाती एक सत्ता येते. ‘मी स्वतः भोगले आहे, मला कोण विचारणार?’ असे एखादा म्हणू लागला तर त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे, की आपल्याला विचारणारा कोणी नाही या समजुतीतूनच धर्मगुरूंचा अनाचार इतका वाढला.

तथापि, मंडळे बहुधा चुकतात ती नियम करण्यात नव्हे, नियम राबविण्याच्या रीतीत. गटप्रमुखाविषयी काही तक्रार येते, बंद दाराआड बैठक होते, चार ओळींचे पत्र जाते की आपली सेवा आता आवश्यक नाही आणि प्रकरण गोपनीय असल्याने कारण देता येत नाही. अन्य संस्थेत हा नुसता उद्धटपणा ठरेल. येथे त्याचा अर्थ निराळा होतो. या माणसांनी बालपणी नेमके हेच पाहिलेले असते. तक्रार झाली, बंद दाराआड बोलणी झाली, धर्मगुरूची मुकाट्याने दुसऱ्या गावी बदली झाली, आणि घरच्यांना सांगण्यात आले की संस्थेच्या भल्यासाठी गप्प राहा. त्याच सुरातले पत्र आता आपल्या हक्काच्या संघटनेकडून यावे, याचा आघात मंडळावरील सज्जन वकिलांना आणि हिशेबनिसांना कळत नाही. अशा संस्थेत निर्णयाची पद्धत हा उपचाराचाच एक भाग असतो. कारणे सांगणे, म्हणणे ऐकून घेणे, पुनर्विचाराची वाट ठेवणे या गोष्टी येथे कारभाराच्या कक्षेत बसत नाहीत; त्या औषधाच्या कपाटात ठेवण्याच्या आहेत.

जानेवारी २०१७ मध्ये ‘स्नॅप’च्या निधिसंकलनाचे काम पाहिलेल्या एका माजी कर्मचाऱ्याने संघटनेवर दावा लावला. संघटना पीडितांना ठराविक वकिलांकडे पाठविते व ते वकील संघटनेला देणग्या देतात, यास हरकत घेतल्यामुळे आपल्याला काढले, असा त्यातील आरोप होता. संघटनेने तो नाकारला. त्याच सुमारास क्लोहेसी आणि पाठोपाठ ब्लेन पदावरून दूर झाले. त्याचा दाव्याशी संबंध नसल्याचे सांगण्यात आले. ब्लेन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवर्तल्या. आरोपाच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. परंतु देणग्या कोणाच्या घ्याव्यात हा निर्णय वर होतो आणि ‘तुमची संघटना वकिलांची दलाल आहे का हो?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते ते खालच्या गटप्रमुखाला. ज्याला उत्तर द्यावे लागते त्याला त्या निर्णयात मत असू नये, हे कोणत्या न्यायात बसते?

अमेरिकेतील पुष्कळ करमुक्त सेवाभावी संस्थांना मतदानाचा हक्क असलेले सभासदच नसतात. मंडळातील रिकाम्या जागा मंडळच भरते. राज्याच्या महान्यायवाद्याची देखरेख असते, पण ती मुख्यतः पैशाच्या अपहारावर. दहा वर्षे गट चालविलेल्या स्वयंसेवकाला दाद मागण्यासाठी सहसा जागाच नसते. मग तो वर्तमानपत्राकडे जातो, किंवा वेगळी चूल मांडतो.

वेगळी चूल मांडण्याचा इतिहासही जुना आहे. लंडनच्या चिझविक भागात एरिन पिझी यांनी १९७१ मध्ये, नवऱ्याच्या मारहाणीतून निसटलेल्या स्त्रियांसाठी आश्रयाचे घर उघडले. पाहता पाहता इंग्लंडभर अशी घरे निघाली आणि त्यांचा राष्ट्रीय महासंघ बनला. घरात राहणाऱ्या स्त्रियांना घराच्या कारभारात वाटा हवा, असा महासंघाचा आग्रह होता. राजकीय मतांच्या बायका आपले काम बळकावीत आहेत, असे पिझी यांना वाटले. १९७५ पर्यंत दोघांचे मार्ग वेगळे झाले. पिझी यांचे धाडस वादातीत होते, पण एकाच व्यक्तीच्या प्रभावावर चालणारे घर आणि सामूहिक कारभाराची घरे यांत दुसरा प्रकार अधिक टिकाऊ, हे माझे मत आहे. भले तो अधिक कटकटीचा असो.

आता ताजे उदाहरण. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांशी बोलणारी ‘समॅरिटन्स’ ही संस्था चॅड व्हॅरा या पाद्र्याने १९५३ मध्ये लंडनला काढली. आपल्या भेटीसाठी ताटकळणारे लोक चहा देणाऱ्या स्वयंसेवकांशीच बोलून हलके होतात आणि पुष्कळदा आपल्याला न भेटताच परततात, हे त्याच्या लवकरच ध्यानात आले; दूरध्वनी त्याने त्यांच्या हाती सोपविला. त्याच संस्थेच्या वरिष्ठांनी २०२५ मध्ये सुमारे दोनशे शाखांपैकी निदान निम्म्या येत्या काही वर्षांत बंद करण्याचा बेत पुढे ठेवला, आणि शाखांमधून संतापाची लाट उसळली. जुन्या इमारतींवर पैसा किती घालवावा, हा वरिष्ठांचा सवाल रास्त आहे. पण पंचवीस वर्षे रात्रपाळ्या केलेल्या माणसांचे मत बेत ठरण्याआधी घ्यायचे की नंतर?

आपल्याकडे चित्र थोडे निराळे आहे. महाराष्ट्रात पुष्कळ संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. सभासद असतात, सर्वसाधारण सभा असते, निवडणूक असते. म्हणजे अमेरिकन स्वयंसेवकाला जे मिळत नाही ते कागदावर येथे आहे. प्रत्यक्षात, विश्वस्त बदलले की कलम २२ खालचा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे जातो, दुसरा गट हरकत घेतो, आणि तारखा पडू लागतात. खासगी शाळेत नोकरी केलेल्या शिक्षकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. सभासद नोंदवितानाच आपली माणसे भरून घेण्याची कलाही येथे चांगली विकसित झाली आहे. याला कंटाळून काहींनी मंडळच नको म्हटले. मथुरा खटल्यातील निकालानंतर १९८० मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या मंचाने, जो पुढे ‘नारी अत्याचार विरोधी मंच’ म्हणून ओळखला गेला, बाहेरच्या निधीपासून दूर राहून सामूहिक निर्णयाची रीत पत्करली. मोर्चा, सल्ला, साथ यांसाठी ती पुरेशी आहे. पण निवारा चालवायचा म्हटला की भाडेकरार येतो, पगार येतो, आणि कोणाला तरी सही करावीच लागते.

तेव्हा मंडळ हवेच. पण त्यातील निदान एक तृतीयांश जागा गटप्रमुखांनी आपल्यातून निवडून दिलेल्या असाव्यात. गटप्रमुखाला दूर करायचे तर आरोप लेखी द्यावा आणि संस्थेबाहेरची एक व्यक्ती असलेल्या समितीपुढे त्याचे म्हणणे ऐकावे. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवता येते. तक्रारीचे स्वरूप गुप्त ठेवण्याचे कारण नाही. चौकशी चालू असेपर्यंत त्याने गटाच्या बैठकी घेऊ नयेत, हेही तितकेच आवश्यक, आणि ते स्वयंसेवकांनी अपमान न मानता स्वीकारले पाहिजे. राहिली एक लहान वाटणारी बाब. गटाचा दूरध्वनी क्रमांक कोणाच्या नावावर आहे, आणि गटप्रमुख बाजूला झाल्यावर त्याच रात्री तो कोण उचलणार, हे वाद उद्भवण्यापूर्वी, सर्वांचे संबंध चांगले असतानाच, लिहून ठेवावे.