जे सोबत जातात त्यांच्यासाठी

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार झाला आणि तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठावं लागलं. २० तारखेला लोक रुळांवर उतरले, लोकल ठप्प झाल्या, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आपल्याच ठाणे जिल्ह्यातली गोष्ट. ठाण्याच्या नौपाड्यात तेव्हा जो तो आरोपीला काय शिक्षा व्हावी तेच बोलत होता. मला मात्र पालकांचं ते ताटकळणं छळत राहिलं. त्या तासांत आईबापांच्या शेजारी बसायला, या कामाचं शिक्षण घेतलेलं एक माणूस असायला हवं होतं.

कायद्यात अशा माणसाची सोय आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखाली तक्रार आली की पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं आणि समितीने मुलासाठी सपोर्ट पर्सन द्यायचा. २०२० च्या नियमांत त्याचं मानधनही ठरलंय: कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नको. १८ ऑगस्ट २०२३ ला बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ही मदत ऐच्छिक नाही, ती पुरवणं सरकारचं कर्तव्य आहे. नेमणूक आणि प्रशिक्षणाची घडी बसवा.

ठाण्याच्या कोर्टात हे काम करणाऱ्या एका ताईंशी माझं अधूनमधून बोलणं होतं. पिशवीत रंगीत खडू, कोरे कागद, बिस्किटाचा पुडा. मूल हमखास विचारतं, तो पण येणार का? नाही म्हणून चालत नाही, कारण खोटं पकडलं गेलं की मूल पुन्हा विश्वास ठेवत नाही. तो असेल, पण तुझ्यासमोर येणार नाही, असं सांगायचं आणि साक्षीच्या आधी न्यायालयाने तशी आडोशाची सोय केलीय ना, ते बघून घ्यायचं. काय सांगायचं हे मुलाला चुकूनही पढवायचं नाही. नाहीतर आरोपीचा वकील तेवढंच धरून बसतो. तारीख पुढे गेली की रोजंदारी बुडवून आलेल्या आईचा राग अंगावर घ्यायचा. शिवाय दर महिन्याला समितीकडे अहवाल. नुसती माया पुरत नाही इथे. हे शिकावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा शिकावं लागतं.

अशी शिकलेली सोबत महाराष्ट्राला नवी नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्येच मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या शेजारी टेबल टाकून बसली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ हे मदत केंद्र सुरू झालं. तिथे परिचारिका आणि डॉक्टर बाईच्या अंगावरच्या जखमेमागची मारहाण ओळखायला शिकले.

पण ऐकणाऱ्याचं काय? ताई संध्याकाळच्या गर्दीत डोंबिवलीची गाडी पकडतात तेव्हा दुपारी ऐकलेलं सगळं त्यांच्याबरोबर घरी जातं. स्वयंपाक करताना मध्येच हात थांबतो, झोप लागत नाही, स्वतःची मुलगी क्लासहून दहा मिनिटं उशिरा आली तरी जीव थाऱ्यावर राहत नाही. हा दुबळेपणा नाही, या कामाची झळ आहे, आणि ती महिला पोलिसांना, परिचारिकांना, समुपदेशकांनाही लागते. अशी काही माणसं मग काम सोडतात आणि अर्ध्यावर आलेल्या खटल्यातल्या मुलाला पुन्हा अनोळखी चेहरा मिळतो.

डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था ठाण्याचीच. समुपदेशकांना, स्वयंसेवकांना घडवण्याची तिला सवय आहे. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाने तिच्यासारख्या संस्थांना हाताशी धरून ठाणे, कल्याण-डोंबिवली, बदलापूरच्या सपोर्ट पर्सनना, ही झळ हलकी व्हावी म्हणून, पंधरवड्यातून एक दुपार एकत्र बसवावं. अनुभवी मानसतज्ज्ञ समोर, नावं न घेता केसची चर्चा, आणि ती दुपार कामाचा दिवस म्हणून धरलेली, प्रवासखर्चासह. नवी इमारत नको, नवा कायदा नको. मानधनासाठी बालन्याय कायद्याच्या कलम १०५ खालचा निधी आहे. या दुपारचा खर्च कशातून द्यायचा ते कार्यालयाने ठरवावं, आणि या आर्थिक वर्षातच ठरवावं.