आपल्याच केंद्राविरुद्धची तक्रार

स्त्री-संघटनांचे वार्षिक अहवाल चाळून पाहा. केंद्रावर वर्षभरात किती बायका आल्या, किती जणींना पोटगी मिळाली, किती प्रकरणे पोलिसांत गेली, शिबिरे किती झाली, सगळा हिशेब मिळतो. एक रकाना मात्र सहसा नसतो. आपल्या केंद्राविषयी, आपल्या कार्यकर्तीविषयी किती बायकांनी तक्रार केली आणि तिचे पुढे काय झाले? विचारले तर अभिमानाने सांगितले जाते, "आमच्याबद्दल आजवर एकही तक्रार नाही." हेच उत्तर एखाद्या कारखान्याच्या मालकाने लैंगिक छळाबाबत दिले तर आपण त्याला सोडतो का? तक्रार आली नाही याचा अर्थ बाईला बोलायला जागा नाही, हे आपणच त्याला सुनावून येतो.

तक्रारी असतातच. त्या बसस्टँडवर, शेजारणीजवळ, नाहीतर दुसऱ्या संस्थेच्या उंबऱ्यावर बोलल्या जातात. रोज बुडवून आले, तर ताई मीटिंगला गेलेल्या. माझी गोष्ट शिबिरात सांगितली, नाव बदलले पण गाव तेच ठेवले, मग लोक ओळखणार नाहीत का? मला वेगळे व्हायचे होते, ताई म्हणाल्या मुलांसाठी एकदा जाऊन बघ. अर्जात काय लिहिले ते वाचून न दाखवताच अंगठा घेतला. आणि काही जणी आवाज उतरवून सांगतात, की आडनाव कळल्यावर बोलण्याचा सूर बदलला.

हे ती आपल्या तोंडावर का बोलत नाही? तिची लग्नपत्रिका, रेशनकार्डाची झेरॉक्स, डॉक्टरचा दाखला आपल्या कपाटात असतो. पुढची तारीख आपल्याला ठाऊक, वकील आपल्या ओळखीचा. सासर सुटले, माहेर दार लावून बसले, आता आपल्यालाही दुखवले तर जायचे कुठे? उपकाराच्या ओझ्याखाली माणूस कसे गप्प बसते, हे आपल्याइतके कुणी जवळून पाहिलेले नाही.

आणि एखादी बोललीच, तर? "ती मुळात भांडखोरच आहे." "एवढे केले तरी समाधान नाही." "तिला कुणीतरी फितवले आहे." ही वाक्ये कुठे ऐकली आहेत ते सांगायला नको. शेवटचा हुकमी एक्का म्हणजे चळवळ बदनाम होईल. विरोधक टपून बसले आहेत हे खरेच आहे, ४९८-अ च्या नावाने किती गदारोळ होतो तेही आपण पाहतो. पण घराण्याच्या अब्रूसाठी गप्प बस असे सुनेला सांगणाऱ्यांशी आपण ज्या मुद्द्यावर भांडतो, तो मुद्दा आपल्या कचेरीच्या दाराशी येऊन बदलत नाही.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरचे बालिकागृह एक स्वयंसेवी संस्थाच चालवत होती. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने राज्यातल्या निवारागृहांची सामाजिक तपासणी केली, तिचा अहवाल २०१८ मध्ये सरकारकडे गेला, तेव्हा तिथल्या मुलींवरचे अत्याचार उजेडात आले. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. त्यांत संस्थेचा चालक होता, गृहातल्या स्त्री कर्मचारी होत्या, आणि बालकल्याण समितीचे व बाल संरक्षण विभागाचे लोकही होते. म्हणजे मुलींनी ज्यांच्याकडे दाद मागायची, तेच. आपली केंद्रे तशी नाहीत, हे म्हणायला हरकत नाही. पण ऐकणारी माणसे बाहेरची असावीत ही गोष्ट त्या मुलींच्या वाट्याला आलेल्या भोगातून शिकायची नसेल तर कशातून शिकायची?

कायद्याचे म्हणाल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपल्यालाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तर संस्थेतही अंतर्गत समिती हवी. कमी असतील, किंवा तक्रार खुद्द प्रमुखाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. या कायद्यात तक्रारदार बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असे नाही. सल्ला घ्यायला आलेली बाईही तक्रार करू शकते, आणि तिला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायची जबाबदारी समितीची. आपल्यातल्या कितीतरी जणी कंपन्यांच्या समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून बसतात. आपल्या स्वतःच्या संस्थेच्या समितीवर बाहेरची कोण आहे, हे त्यांना विचारून पाहावे!

समिती नुसती नेमूनही भागत नाही. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रार केली. समितीने मे महिन्यात लागोपाठ बैठका घेऊन चौकशी उरकली, पुढे त्याला बडतर्फही करण्यात आले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द करून चौकशी परत समितीकडे पाठवली, कारण त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिलेली नव्हती. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून! घाईचा फटका तक्रार करणारीलाच बसतो.

लैंगिक छळ सोडून बाकीच्या तक्रारींना मात्र असा कायदा नाही. उलट कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने नोंदणी झालेल्या सेवा देणाऱ्या संस्थांना सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल दाव्यापासून संरक्षण दिले आहे. ते हवेच, नाहीतर नवरेमंडळी रोज कोर्टात खेचतील. पण बाईची कोर्टाची वाट जिथे अरुंद होते, तिथे आपल्या आतली वाट रुंद ठेवायला नको का?

एक धोका आहे. चौकशी झाली की खापर फुटते ते सर्वांत खालच्या कार्यकर्तीवर. तिचे मानधन तुटपुंजे आणि तेही प्रकल्प असेपर्यंत, हातात ढीगभर प्रकरणे, बसायला एकच खोली, जिथे दोघींचे बोलणे तिसरी ऐकते. अशा खोलीत गुप्तता पाळली गेली नाही ही तक्रार तिच्याविरुद्ध आहे की संस्थेविरुद्ध? तसेच, नवऱ्याच्या बाजूने आलेला दबावाचा अर्ज आणि बाईची तक्रार एकाच वहीत नोंदवू नयेत. दोन्हींची जात वेगळी.

तालुक्यातल्या दोन संस्थांनी एकमेकींच्या तक्रारी ऐकाव्यात, दोन्हींच्या भिंतींवर दुसरीचा फोन मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि महिन्याभरात बाईला उत्तर द्यावे, तेही तिला समजेल अशा भाषेत, तोंडी आणि लेखी. दोन संस्थांचे आपसात पटत नाही, अशी अडचण लगेच सांगितली जाईल. पण आपल्याशी फारसे न पटणारी बाईच या कामाला बरी. मैत्रीण असली की ती आधी आपल्यालाच फोन करते.