बंद पडलेला संगणक आणि आपली प्रात्यक्षिके

यंत्र बंद पडले की आपल्याकडे त्याला प्रथम एक थापट बसते. रेडिओच्या काळापासून चालत आलेला हा उपाय अगदीच निराधार नाही. सैल झालेला जोड थापटेने क्षणभर जुळूही शकतो. माझी तक्रार एवढीच, की त्यातून कळत काहीच नाही. यंत्र चालू झाले तर का झाले ते समजत नाही आणि नाही झाले तर पुढे काय करावे ते सुचत नाही.

दोष पद्धतशीरपणे कसा शोधावा हे शिकण्यासाठी ‘बीबीसी मायक्रो’ हा जुना घरगुती संगणक फार चांगला. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणला. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा आपल्या देशातील सुमारे २५० शाळांत हेच संगणक आले होते.

हा संगणक चालू केला की आधी खालच्या पट्टीतला ‘बूऽऽ’ असा आवाज येतो आणि लगेच वरच्या पट्टीतली आखूड ‘बीप’. पहिला आवाज कोणाच्या आज्ञेने निघत नाही. वीज मिळताच ध्वनीची चिप आपण होऊन गुणगुणू लागते. मग ६५०२ हा प्रक्रियक कायम स्मृतीतील सूचना वाचू लागतो, त्या चिपला गप्प करतो आणि आपण तयार असल्याची बीप देतो.

आता समजा, संगणक सुरूच होत नाही. आवाज मुळीच आला नाही, तर पहिला संशय विद्युत्पुरवठ्यावर. दोन्ही आवाज आले पण पडदा काळा, तर प्रक्रियक काम करतो आहे. दोष चित्र तयार करणाऱ्या भागात, केबलमध्ये किंवा पडद्याच्या संचातच शोधावा. आणि पहिला आवाज थांबतच नसेल तर? ध्वनीच्या चिपला वीज मिळते आहे, पण तिला गप्प करणारा जागा झालेला नाही! एकही स्क्रू न काढता, नुसत्या कानांनी आपण एवढ्या निष्कर्षापर्यंत आलो.

हा तिसरा प्रकार सर्वांत रंजक. मुख्य फलकावरचे विभवांतर मोजा. ते ५ व्होल्ट हवे, ४.७५ ते ५.२५ पर्यंत चालते. पण मल्टीमीटर सरासरी दाखवतो, हे विसरू नका. धारित्रे जुनी होऊन आतून सुकली, की पुरवठ्यात चढउतार येतात. सरासरी ५ व्होल्टच दिसते आणि प्रक्रियक मात्र गोंधळतो. तेथे ऑसिलोस्कोपच हवा. पुरवठा ठीक असेल तर खोबणीत बसवलेल्या चिपा पाहाव्यात. तापण्या-निवण्याने त्या हळूहळू वर सरकतात, पायांवर ऑक्साइड साचते. वीज बंद करून एक चिप नीट बसवावी, संगणक चालू करून पाहावा, मगच दुसरीला हात लावावा. चारही एकदम बसवल्या तर संगणक चालू होईल, पण दोष कोणत्या चिपेचा होता ते कळणार नाही.

या संगणकाची आणखी एक गंमत आहे. पुरवठ्याच्या पेटीत विद्युत्‌गोंगाट गाळणारे कागदी धारित्र असते. वर्षानुवर्षांनी त्याच्या आवरणाला तडे जातात, दमट हवा आत शिरते आणि एके दिवशी ते धूर सोडते. खोलीभर वास पसरतो, सगळे घाबरतात, आणि संगणक पुष्कळदा चालूच असतो! मात्र ही पेटी विद्यार्थ्यांनी मुळीच उघडू नये. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पुरवठ्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि प्लग काढल्यावरही तेवढ्या विभवाने भारित झालेले धारित्र आत असू शकते.

आता माझे मत सांगतो. आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यापुढे चालू स्थितीतील उपकरणे ठेवली जातात आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. गुरुत्वत्वरण ९.८ च्या जवळपास आणायचे, एवढेच काम. (ते कसे ‘आणले’ जाते, हे विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही जाणतात.) बंद पडलेल्या यंत्राचे उत्तर मात्र कोणाच्याच वहीत नसते. शिक्षक म्हणतील, अशा कामाला गुण कसे द्यायचे? दोष सापडला की नाही यावर देऊच नयेत. काय पाहिले, कोणता अंदाज बांधला, तो तपासायला काय मोजले आणि त्यावरून कोणती शक्यता बाद झाली, एवढे चार रकाने वहीत असले की तपासणे कठीण नाही.

त्यासाठी बीबीसी मायक्रोच हवा असेही नाही. तीन घटांची विजेरी घ्या. एका घटाच्या टोकाला नखपॉलिशचा पातळ थर लावून वाळू द्या. विद्यार्थ्याला मल्टीमीटर आणि वीस मिनिटे द्या. सुटे केल्यावर प्रत्येक घट, थर लावलेलाही, मल्टीमीटरची टोचणी थरातून आत गेली तर १.५ व्होल्ट दाखवील. विजेरी मात्र पेटणार नाही.