फिल्टर बदलला, पाइप बदलला. पण सेन्सरचा हिशेब कोण बदलणार?

रावेर : गाडीला जाड पाइप आणि कोन फिल्टर बसवला की पिकअप वाढतो, अशी तरुणांमध्ये पक्की समजूत आहे. प्रत्यक्षात अनेकदा उलटेच होते. गाडी झटके देते, अॅव्हरेज घसरते, इंजिन तापते. दोष बहुतेक वेळा एअरफ्लो सेन्सरवर ढकलला जातो. सेन्सर मात्र त्याला शिकवलेलेच सांगत असतो.

सेन्सर काय मोजतो?
पाइपमधील तापलेली बारीक तार येणाऱ्या हवेने थंड होते. ती पुन्हा तापवायला किती वीज लागली, यावरून हवेचे वस्तुमान कळते. पेट्रोल इंजिनात १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणून हा आकडा महत्त्वाचा. जानेवारीतल्या १५ अंशांच्या पहाटेपेक्षा मे महिन्यात ४५ अंशांना हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. हा फरक तार सांभाळून घेते. (अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र हा सेन्सर नसतो, तिथे दाबावरून अंदाज घेतला जातो.)

चूक कुठे होते?
सेन्सरचा तक्ता ठरावीक व्यासाच्या पाइपसाठी असतो. ७० ऐवजी ८० मिलिमीटरचा पाइप लावला, तर तेवढ्याच हवेचा वेग सुमारे २३ टक्क्यांनी घटतो. संगणकाला हवा कमी वाटते आणि तो पेट्रोल कमी सोडतो. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर ही चूक काही प्रमाणात भरून काढतो. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र अनेक गाड्यांत ही दुरुस्ती थांबते. नेमके तेव्हाच मिश्रण पातळ होते आणि पिस्टन धोक्यात येतो. फिल्टरचे जादा तेल आणि शेतरस्त्यांवरची धूळ तारेवर बसली, तर आकडा आणखी बिघडतो.

उपाय काय?
- तार फक्त सेन्सर क्लीनर स्प्रेने साफ करावी. कापड किंवा ब्रश लावू नये.
- सेन्सरच्या अगदी आधी वळण नको, सरळ पाइप हवा.
- सेन्सर आणि इंजिनमधली हवागळती तपासावी.
- पाइप बदलल्यास तक्ताही नव्याने बसवावा आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरने भार देऊन तपासावा.
- स्कॅनरवर फ्युएल ट्रिम सतत १० टक्क्यांपलीकडे असेल, तर काम अपुरे समजावे.

पीयूसी मिळाली म्हणजे सगळे ठीक, हा युक्तिवाद टिकत नाही. ती तपासणी उभ्या गाडीवर होते. भाराखालची चूक त्यात दिसेलच असे नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे बदल नियमात बसतो का, हे आधी पाहावे.

पाइपचे बिल सगळेच देतात. ग्राहकाने त्यासोबत बदलाआधीचे आणि नंतरचे स्कॅनर रीडिंगही मागायला हवे. जे गॅरेज ते देऊ शकत नाही, त्याच्या हाती इंजिन सोपवू नये.